गार पाण्यातली थाप

"ए, तेवढ्या गुळण्या थांबवशील का जरा? माझ्या समुद्रात येतायत."

मी दचकून वर बघितलं. जुलै, म्हणजे ऑस्ट्रेलियातला ऐन हिवाळा, सकाळचे साडेसहा. पाऊस पडतोय म्हणावं तर थेंब दिसत नव्हते, नाही म्हणावं तर केस चिप्प झाले होते. गॅनेट पॉइंटच्या किनाऱ्यावर, लाइफसेव्हर क्लबच्या भिंतीला बाहेरच्या बाजूने एक नळ आहे. त्याच्यावर मी वाकलेली, तोंडात पेस्टचा फेस. आणि दहा पावलांवर हा उभा… डोक्यावर हेडफोन, हातात लांबलचक काठी, काठीच्या टोकाला मांजराएवढं काहीतरी केसाळ. माणूस चांगला उंच, दाराएवढा रुंद, पण चेहरा मात्र आत्ताच कुणीतरी हातातलं आइस्क्रीम हिसकावल्यासारखा.

थुंकू की गिळू? परक्या माणसासमोर थुंकायचं कसं? मी गिळलं.

"तुझा समुद्र?" मी म्हटलं. "कधी विकत घेतलास?"

"विकत नाही, टेपवर घेत होतो. चार मिनिटं झाली होती. इतक्या सुंदर लाटा… आणि मध्येच खळ्ळ-खळ्ळ-खळ्ळ."

त्याने माझी नक्कल इतकी हुबेहूब केली की मला हसू फुटलं आणि उरलासुरला फेस नाकातून बाहेर आला. आमची पहिली भेट ही अशी. लोकांच्या पहिल्या भेटीत निदान नाक तरी कोरडं असतं.

"घरचा नळ बिघडलाय का?" त्याने विचारलं.

साधाच प्रश्न. तो हसत होता, त्याच्या मनात काही नव्हतं. पण मला तो नेमका लागायचा तिथेच लागला. आणि माझं हे असं आहे, काही लागलं की मी गप्प बसत नाही, थाप मारते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"छे. मी रोज इथे पोहायला येते. पोहण्याआधी दात घासायची सवय आहे मला."

"पोहण्याआधी?"

"हो."

"जुलैच्या थंडीत?"

"थंडीतच तर खरी मजा."

त्याने समुद्राकडे बघितलं. राखाडी पाणी, वर वारा, लांबवर चिटपाखरू नाही. मग माझ्या अंगातल्या दोन स्वेटरांकडे बघितलं आणि मग पायातल्या लोकरी मोज्यांकडे.

"वा," तो म्हणाला. "मग उद्यापासून मी पण येतो. एकट्याने धीर होत नव्हता. साडेसहाला?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता खरं काय ते सांगते. मी टॅम्सिन, वय एकोणतीस, जन्म याच गावातला. हिल स्ट्रीटवरच्या नऊ नंबरच्या घरात आम्ही भाड्याने सव्वीस वर्षं राहिलो. आई तिच्या बहिणीकडे क्वीन्सलँडला गेली, मी राहिले. मग घराच्या मालकाला साक्षात्कार झाला की सुट्टीत समुद्र बघायला येणाऱ्या लोकांना घर दिलं तर भाडेकरू ठेवायची कटकटच नको. गावातल्या निम्म्या मालकांना तो त्याच वर्षी झाला. तेव्हापासून अकरा महिने मी माझ्या जुन्या निळ्या स्टेशन वॅगनमध्ये राहत होते, बोटींच्या धक्क्यापाशी. नोकरी होती, वाचनालयात. रोज इस्त्रीचा शर्ट घालून पुस्तकांवर शिक्के मारत होते. गावात कुणाला पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्याच दिवशी दहा वाजता वाचनालयाचं दार ढकलून तोच माणूस आत आला. तीच काठी, टोकाला तेच केसाळ मांजर, जे खरं तर माइक होतं.

"मी सेमिसी," तो म्हणाला. "सिडनीहून आलोय. तुमच्या फिल्मला आवाजवाला हवाय ना?" आणि मग मला ओळखून, "अरे! समुद्राच्या मालकीणबाई."

फिल्म काढत होतो ते खरं. त्याचं असं झालं… मे महिन्यात नगर परिषदेच्या सभेत एक सभासद उभे राहून म्हणाले, की आपल्या गावात बेघर बायका नाहीतच, असल्याच तर बाहेरून आलेल्या असतील. शेवटच्या रांगेत ग्लेनिस बसली होती. सभेत हीटर चालू असतो म्हणून ती विणकाम घेऊन तिथे जाऊन बसायची. वय सहासष्ट. शाळेच्या कँटीनमध्ये तिने तीस वर्षं काढली, त्या सभासदालाही लहानपणी तिनेच सॉसेज रोल भरवले होते. ती स्वतःच्या छोट्या पांढऱ्या गाडीत झोपत होती. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयात आली आणि माझ्या टेबलावर सुया आपटून म्हणाली, "पोरी, तो कॅमेरा काढ. बाहेरून आलेली कोण ते दाखवते एकेकाला."

कॅमेरा वाचनालयाचाच होता, कपाटात पडून. चालवणारी नोरीन. तिने आयुष्यभर शाळेतल्या पोरांचे फोटो काढले होते आणि आता नणंदेच्या घरामागच्या शेडमध्ये एका पलंगापुरती जागा धरून होती. अशा सहा बायका झाल्या, सगळ्या गावच्याच. मी दिग्दर्शिका, कारण वाचनालयाची चावी माझ्याकडे. फिल्म शनिवारी, एकोणतीस जुलैला दुपारी दोन वाजता गावच्या हॉलमध्ये दाखवायची ठरली होती. आणि एक नियम आम्ही पहिल्याच दिवशी केला: शनिवारी पडदा लागेपर्यंत कुणीही म्हणू शकते, माझं काढून टाका. कारण विचारायचं नाही.

मी गाडीत राहते हे फक्त या सहाजणींना माहीत होतं. त्यांच्यातल्या काहींच्या गाड्या धक्क्यावर माझ्या शेजारीच असायच्या. पण त्यांच्या तोंडाला कुलूप होतं, मीच घातलेलं.

राहता राहिला सेमिसी. त्याला मी सांगितलं, मी हिल स्ट्रीटला राहते, नऊ नंबर. अगदीच खोटं कसं म्हणू? सव्वीस वर्षं राहिलेच होते की.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला पोहावं लागलं.

पहिला पाय पाण्यात घातला आणि मला माझे सगळे पूर्वज एका रांगेत दिसले. शेजारी सेमिसी कमरेपर्यंत पाण्यात, दोन्ही हात वर धरून, पोलिसांनी पकडल्यासारखा.

"म-मस्त आहे ना?" मी म्हटलं.

"म-म-मस्त."

"रोज असंच असतं."

"रोज?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "बरं… रोज."

बाहेर आल्यावर त्याने थर्मासमधून चहा ओतला. कप एकच होता. तो म्हणाला तू आधी घे, मी म्हटलं तू घे, आणि या आग्रहात अर्धा चहा वाळूत सांडला. मग आम्ही एक घोट तू, एक घोट मी असा प्यायलो. माझे दात वाजत होते आणि मला विनाकारण हसू येत होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस होता, तरी तो आला. तिसऱ्या दिवशी त्याला सर्दी होती, तरी आला. मला वाटलं, काय माणूस आहे, याला खरंच आवडतं की काय हे गार पाणी!

कामाला माणूस गुणी निघाला. बायकांना तो नावाने हाक मारायचा नाही, आंटी म्हणायचा. "आम्ही टोंगा बेटांवरचे. टोंगन घरात मोठ्या बाईला नावाने हाक मारली तर आई कान पिळते," तो म्हणाला. "आंटी ग्लेनिस, तुम्ही जरा डावीकडे सरकाल का?"

"मेल्या, सरकते की," ग्लेनिस खूश. "तीस वर्षं हे गाव मला 'एक सॉसेज रोल, सॉस जास्त' याच नावाने ओळखत होतं. आंटी बरं वाटतं कानाला."

एकदा त्याने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले. "ऐक," तो म्हणाला. "डोळे मिट आणि ऐक." मी मिटले. पलीकडे चाळीस पावलांवर ग्लेनिस बसली होती, तिच्या सुया माझ्या कानाशी वाजायला लागल्या. टिक, टिक… मध्ये थांबून तिचा एक उसासा, जो ती कधी कुणासमोर सोडायची नाही. मी डोळे उघडले तर सेमिसी माझ्याकडेच बघत होता.

"काय बघतोस?"

"ऐकताना तुझं नाक हलतं."

"काही हलत नाही."

"सशासारखं. मी टेपवर घेतलं असतं, पण आवाज येत नाही त्याचा."

रविवारी तो त्याच्या मावशीकडे वुलोंगाँगला जाऊन डबा घेऊन आला. अळूच्या पानांत मटण आणि नारळाचं दूध बांधून भाजलेलं. आम्ही वाचनालयाच्या मागच्या पायरीवर बसून हातांनी खाल्लं, बोटं चाटून. संध्याकाळी तो मला हिल स्ट्रीटपर्यंत सोडायला यायचा. मी नऊ नंबरच्या फाटकाला हात लावून उभी राहायची, तो वळणावर दिसेनासा झाला की मागे फिरून वीस मिनिटं चालत धक्क्यावर. आत मेलबर्नचे कुणीतरी पाहुणे आमच्याच ओट्यावर वाइन पीत बसलेले असायचे. एक-दोनदा त्यांनी मला हातही केला.

फिल्मचा शेवटचा आठवडा आला. सेमिसी रविवारी परत जाणार होता, सिडनीत त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं होतं. ते आठवलं की मी बिस्किटांचा पुडा फोडायची. मी त्याला भूक म्हणायची.

बुधवारी ग्लेनिसच्या गाडीत तिची शेवटची मुलाखत होती. बाहेर दक्षिणेचा वारा आणि धो-धो पाऊस. नोरीन पुढच्या सीटवर उलटी बसून कॅमेरा धरून, मागे ग्लेनिस आणि मी. सेमिसी गाडीत मावेना, म्हणून त्याने आम्हा दोघींना कॉलरला लावायचे छोटे माइक दिले आणि स्वतः समोरच्या शेडखाली जाऊन उभा राहिला.

"सगळ्यात अवघड काय वाटतं?" मी ग्लेनिसला विचारलं.

मला वाटलं थंडी म्हणेल, नाहीतर सार्वजनिक संडास सकाळी सहाशिवाय उघडत नाहीत ते म्हणेल. तिने सुया मांडीवर ठेवल्या.

"कुणाला चहाला बोलावता येत नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे सहा कप आहेत, आईचे. डिकीत गुंडाळून ठेवलेत. दोन वर्षांत एकदासुद्धा काढले नाहीत."

नोरीनने कॅमेरा बंद केला, डोळे पुसले आणि बॅटरी आणते म्हणून पावसात पळाली. गाडीत आम्ही दोघीच.

"माझं झालं," ग्लेनिस म्हणाली. "आता तू कधी बसतेस त्या कॅमेऱ्यासमोर?"

"मी दिग्दर्शिका आहे."

"दिग्दर्शिका म्हणे. तू सातवी आहेस. आम्ही सहाजणी गावासमोर आमच्या चड्ड्या वाळत घालायच्या आणि तू इस्त्रीचा शर्ट घालून मागे उभी राहायचं? नाही चालायचं, पोरी. ऐकून ठेव, शनिवारपर्यंत तू बसली नाहीस तर माझं काढून टाका. नियम तूच केलायस."

"ग्लेनिस, तुझ्याशिवाय फिल्म उरतच नाही."

"मग बस."

"अगं, गावाचं एक वेळ सोड…" आणि मग माझा बांधच फुटला. "त्याला कळलं तर? मी गाडीत राहते म्हटल्यावर लोकांचा आवाज कसा मऊ होतो, तू ऐकला नाहीस का? भिजलेल्या कुत्र्याशी बोलावं तसा. त्याचा आवाज तसा झालेला मला चालायचा नाही. मला चिडवणारा सेमिसी हवाय. तो मला आवडतो गं. फार आवडतो. असं वाटतं की—"

ग्लेनिस माझ्या कमरेकडे बघत होती. मीही बघितलं. पट्ट्याला अडकवलेल्या माइकच्या डबीवर हिरवा दिवा जळत होता. कॅमेरा बंद झाला की डबी बंद करायची, हे या कामात पोरासोरांनाही कळतं. मी दिग्दर्शिका, मी विसरले.

काच पुसून बाहेर पाहिलं. सेमिसी शेडखाली पाठमोरा उभा होता. हेडफोन डोक्यावर होते की गळ्यात, पावसातून काही म्हणजे काही दिसेना.

त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून लवकर सटकले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला किनाऱ्यावर तो हजर होताच, पोहायच्या चड्डीत, कुडकुडत. चेहऱ्यावर काही नाही. माझी मात्र पाचावर धारण बसलेली.

"काल…" मी म्हटलं. "तू काय-काय ऐकलंस?"

"कधी?"

"माझा माइक चालू राहिला तेव्हा."

"राहिला होता का? मला नाही माहीत. कॅमेरा बंद झाला की मी हेडफोन काढतो. माझी पद्धतच आहे ती. लोक आपसात बोलतात ते माझं नसतं." त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "का? काय होतं ऐकण्यासारखं?"

"हेच की मी गाडीत राहते!"

बोलून गेले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. लाट पायावरून येऊन गेली आणि मी तशीच उभी.

"ते होय," सेमिसी म्हणाला. "ते मला माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. तू फोन केलास ना, घरून बोलतेय म्हणालीस. मागे शिडाच्या होड्यांच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर आपटत होत्या. टण, टण, टण. हिल स्ट्रीट टेकडीवर आहे, टॅम्सिन. तिथे होड्या कुठून येणार? मी पोटासाठी आवाज ऐकतो."

मला सुचलं ते भलतंच.

"म्हणजे तुला माहीत होतं की मी पोहायला येत नाही? आणि तू मला पंधरा दिवस या बर्फात उतरवलंस?"

"मी उतरवलं? थाप तुझी होती."

"तू थांबवायचंस ना!"

"मला वाटलं, तुला सांगायचं असेल तेव्हा सांगशील. तोवर तू पोहणार, तर मी पण पोहणार." त्याने नाक ओढलं. "मला पाणी अजिबात आवडत नाही. मला नीट पोहतासुद्धा येत नाही. मी फक्त उभा राहायचो, बघितलं नाहीस का?"

दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती. माझं डोकं मात्र फिरलं. चहा आठवला, मटणाचा डबा आठवला, रोजचं फाटकापर्यंत सोडणं आठवलं, आणि त्या सगळ्याला एकदम दयेचा वास यायला लागला.

"म्हणून डबे होय? म्हणून चहा? बिचारी गाडीत राहते, हिला खाऊ घाला."

"टॅम्सिन, दया आली असती तर मी तुला ब्लँकेट दिलं असतं. पाण्यात उतरलो नसतो."

"नको मला तुझं काही," मी म्हणाले आणि टॉवेल उचलून चालायला लागले. त्याने मागून हाक मारली नाही. मारली असती तर बरं झालं असतं, असं पार्किंगपर्यंत जाईस्तोवर मला तीनदा वाटलं.

शुक्रवारी मी बसले. ग्लेनिसला शब्द द्यायचा होता म्हणून नव्हे. आदल्या रात्री गाडीत पडल्या-पडल्या कळलं, की सगळ्यात जास्त दमवतंय ते गाडीतलं झोपणं नाही, ते फाटकाला हात लावून उभं राहणं आहे. ते मला आता एकदाही करायचं नव्हतं.

दुपारी तीन वाजता, धक्क्यावर, माझ्याच वॅगनची डिकी उघडून मी तिच्या काठावर बसले. पाऊस भुरभुरत होता. नोरीन कॅमेऱ्यामागे. सेमिसी बाजूला, काठी डोक्यावर धरून, माझ्याकडे न बघता. आणि समोर घडीच्या खुर्चीवर ग्लेनिस, प्रश्न विचारायला, विणकामासकट.

"नाव सांग."

"टॅम्सिन."

"कुठे राहतेस?"

"इथे," मी म्हटलं. "या गाडीत. अकरा महिने झाले. वाचनालयात जी तुम्हाला पुस्तकं देते ना, तीच मी. तुम्ही रोज विचारता, आई कशी आहे. मी सांगते मजेत आहे. तू कुठे राहतेस असं कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगते, मी विचारूच दिलं नाही. मला लाज वाटायची. आता वाटतं, लाज मी एकटीनेच का बाळगावी? माझा जन्म इथला आहे. मी बाहेरून आलेली नाही."

ग्लेनिसच्या सुया थांबल्या. तिने मान हलवली, शाबास म्हणावं तशी. मला वाटलं, संपलं. पण ती बाई तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये होती, पोरांच्या पोटातलं काढून घेणं तिला येतं.

"आणि प्रेमाबिमाचं काय? की गाडीत तेवढी जागा नाही?"

"ग्लेनिस!"

"प्रश्न आहे. उत्तर दे."

मी हातांकडे बघितलं. वर बघायची सोय नव्हती, वर काठी होती आणि काठीच्या दुसऱ्या टोकाला तो.

"जागा होईल," मी म्हटलं. "त्याचे पाय बाहेर राहतील, पण होईल." नोरीन फिसकन हसली. "एकजण आवडतो मला. खूप आवडतो. काल मी त्याला म्हणाले, तुझी दया नको. खोटंच बोलले, नेहमीसारखं. मला माहीत होतं दया नाहीये. दया असती तर नाही म्हणणं सोपं होतं… नसेल, तर मग मला हो म्हणावं लागेल. त्याची भीती वाटली."

नुसता पाऊस आणि होड्यांच्या दोऱ्या.

"सेमिसी, काठी खाली येतेय," नोरीन म्हणाली. "चौकटीत दिसतेय मला."

काठी वर गेली. नोरीनने कॅमेरा बंद केला. सेमिसीने वायर गुंडाळायला घेतली, एक वेटोळं, दुसरं वेटोळं, सावकाश. मी वाट बघत बसले. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आवाज चांगला आलाय," आणि यंत्रं उचलून वाचनालयाकडे गेला. फिल्मचा सगळा आवाज त्याला उद्या दुपारपर्यंत नीट करून द्यायचा होता.

"हे प्रेमाचं कापू का?" नोरीनने हळूच विचारलं.

मला रडू येत होतं, पण मी म्हटलं, "राहू दे. घर नाही म्हणून मनही नसेल, असं गावाला वाटायला नको." आणि माझा तुकडा मी बघणार नाही, असंही बजावलं. तो सगळा त्या दोघींवर आणि सेमिसीवर सोडला.

शनिवारी दोन वाजता हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या, माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत होता. ते सभासदसुद्धा आले होते, दुसऱ्या रांगेत. मी दाराजवळ उभी, पळायची वेळ आली तर बरं म्हणून. मागच्या कोपऱ्यात आवाजाच्या टेबलावर सेमिसी, हेडफोन लावून, मान खाली.

नोरीनच्या तुकड्याला लोक हसले. ग्लेनिसने सहा कपांचं सांगितलं तेव्हा हॉलमध्ये खोकणंसुद्धा थांबलं, आणि त्या सभासदांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. माझा तुकडा सगळ्यात शेवटी होता. पडद्यावर माझा चेहरा एवढा मोठा झाला, की मला माझ्या नाकाची दया आली. "इथे. या गाडीत," पडद्यावरची मी म्हणाले. माझ्या पुढच्या बाईने तोंडावर हात ठेवला. ती दर मंगळवारी माझ्याकडून चार रहस्यकथा नेते.

मग ग्लेनिसचा तो प्रश्न. मग माझं उत्तर. पायांचं ऐकून लोक हसले, मग गप्प झाले. "…मग मला हो म्हणावं लागेल. त्याची भीती वाटली."

आणि पडद्यावर ती शांतता. पाऊस, दोऱ्या. मला वाटलं आता संपेल. तेवढ्यात, अगदी हलक्या आवाजात, कुणीतरी स्वतःशीच बोलावं तसं, एका पुरुषाचा आवाज आला—

"मग हो म्हण ना."

आवाजवाल्याने स्वतःचा आवाज टेपवर येऊ द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. चुकून आला तर काढून टाकायचा, दोन मिनिटांचं काम आहे. काल काठीखाली तो हे पुटपुटला होता आणि मला ऐकूच आलं नव्हतं, ऐकलं ते फक्त त्याच्या माइकने. त्याने ते काढलं तर नव्हतंच, उलट हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल एवढं मोठं करून ठेवलं होतं.

दिवे लागले. आधी एकजण हसला, मग दहाजण, मग सगळा हॉल. सगळं गाव वळून माझ्याकडे बघेल म्हणून मी महिनाभर मरत होते, आणि आता सगळं गाव वळून त्या मागच्या टेबलाकडे बघत होतं. सेमिसीने हेडफोन काढले होते. त्याचे कान लालबुंद झाले होते, आणि तो एकट्या माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात मऊपणा नव्हता. सकाळी साडेसहाला गार पाण्यात उभा असायचा ना, तसाच दिसत होता. घाबरलेला, आणि तरी न हलणारा.

"मग?" ग्लेनिस पहिल्या रांगेतून, उठून उभी राहत म्हणाली. "काय म्हणतेस, पोरी? लोक थांबलेत."

"हो," मी म्हटलं.

"मागे ऐकू आलं नाही," भिंतीशी कुणीतरी म्हणालं.

"हो म्हणाले मी. हो."

सेमिसीने टेबलामागून हात वर करून अंगठा दाखवला. आवाज नीट आला होता.